विंधण विहिरीतील नळी आणि तिचे सील : बीदर-कलबुर्गी परिसरातील निवडीचा विचार

(बीदर व कलबुर्गी जिल्ह्यांच्या सीमेलगत काम करणारे कनिष्ठ अभियंते, सर्वेक्षक आणि विंधण यंत्रचालक यांच्या प्रशिक्षण वर्गात दिलेले व्याख्यान)



विंधण विहिरीला पाणी किती लागले, हा प्रश्न आपल्याला प्रत्येक गावी विचारला जातो. ते पाणी कोणत्या थरातून आले, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो. माझ्या आजच्या विषयाचा सारा भर या दुसऱ्या प्रश्नावर आहे. विहिरीत आपण नळी उतरवितो, ती माती ढासळू नये म्हणून. परंतु नळी आणि खडक यांच्यामध्ये जी वलयाकृती फट राहते, ती बंद केली नाही तर ती नळी केवळ मातीला अडविते. पाण्याला अडवीत नाही. ही फट कशाने, कोठे आणि केव्हा बंद करावी, याची निवड म्हणजे सीलची निवड होय.

या विषयाचे शास्त्र प्रथम तेलाच्या विहिरींवर वाढले. आपल्याकडे १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ या जहाजावरून मुंबईच्या समुद्रात तेल सापडले आणि २१ मे १९७६ रोजी तेथून उत्पादन सुरू झाले. तेव्हापासून उरण-न्हावा भागातील अनेक मराठी तरुणांना लायनर, हँगर, पॅकर हे शब्द घरचे झाले. आपल्या पाण्याच्या कामात ते शब्द अद्याप परके आहेत. म्हणून थोडे तेलाच्या विहिरीकडे पाहून मग आपण आपल्या जांभ्याकडे वळू.

तेलाच्या विहिरीत काय करतात?

तेलाची विहीर एका दमात खोदली जात नाही. काही अंतर खोदावयाचे, नळी उतरवावयाची, तिच्याभोवती सिमेंट भरावयाचे. मग त्याहून लहान व्यासाचे भोक घेऊन पुढे जावयाचे, असा क्रम असतो. शेवटच्या टप्प्यातील नळी प्रत्येक वेळी जमिनीपर्यंत आणणे खर्चाचे असते. म्हणून ती आधीच्या नळीच्या आतल्या अंगाला, खालच्या टोकाच्या काही अंतर वर, टांगून ठेवतात. अशा टांगलेल्या नळीला लायनर म्हणतात आणि जी पकड तिला धरून ठेवते तिला हँगर. दोन नळ्या जेथे एकीत एक शिरतात तो भाग सर्वांत नाजूक. तेथे सिमेंट भरतात आणि त्याच्या माथ्यावर पुष्कळदा पॅकर, म्हणजे रबराचे फुगणारे वा दाबाने पसरणारे कडे, बसवितात. सिमेंट फसले तर पॅकरने अडवावे, ही त्यामागील दृष्टी.

पॅकरचे प्रकार अनेक आहेत. काही नळ्यांचे वजन टाकून बसविले जातात, काही पाण्याच्या दाबाने. काही रबरी पिशवीसारखे फुगतात. काहींचे रबर पाणी वा तेल शोषून कित्येक दिवसांत आपोआप फुगते. तेलाचा अभियंता निवड करताना काही ठरावीक प्रश्न विचारतो. भोक गोल आहे की वेडेवाकडे? वरखाली दाबाचा फरक किती? तळाशी उष्णता किती? साधे नायट्राइल रबर सुमारे १२० अंश सेल्सिअसपर्यंत चालते. त्यापुढे अधिक महागडे रबर लागते. तेथील द्रव रबराला वा लोखंडाला खाईल काय? सील पुन्हा काढावयाचे आहे काय? आणि शेवटचा प्रश्न : ते बसले, हे मला कसे कळेल?

या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व जगाला २० एप्रिल २०१० रोजी कळले. मेक्सिकोच्या आखातात ‘डीपवॉटर होरायझन’ या तरंगत्या विंधण यंत्रावर स्फोट झाला. ११ माणसे मृत्युमुखी पडली आणि ८७ दिवस तेल समुद्रात वाहत राहिले. त्या विहिरीच्या अखेरच्या टप्प्यासाठी दोन पर्याय विचारात होते. एक, लायनर टांगून त्याच्या माथ्यावर सील बसविणे व नंतर वर जोडनळी आणणे. दुसरा, तळापासून समुद्रतळापर्यंत सलग नळी उतरविणे. दुसरा पर्याय निवडला गेला. चौकशीत या एकाच निवडीवर सारा दोष ठेवण्यात आला नाही. तळाच्या सिमेंटने वायू अडविला नाही, आणि सील बसले की नाही हे पाहण्यासाठी घेतलेल्या दाबाच्या चाचणीचा अर्थ चुकीचा लावला गेला, असे निष्पन्न झाले. चाचणी सांगत होती ते समोर असलेल्यांनी ऐकले नाही. हा धडा शंभर फुटांच्या विंधण विहिरीलाही तितकाच लागू आहे. आपल्याकडे स्फोट होत नाही. फक्त गावाचे पाणी हळूहळू बिघडते.

आपल्या पायाखालची जमीन

आता आपल्या भागाकडे येऊ. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुना बीदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा इकडे आले. भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण तिकडे राहिले. २०१४ मध्ये गुलबर्ग्याचे नाव अधिकृतपणे कलबुर्गी झाले. खडकाला मात्र या रेषा व नावे ठाऊक नाहीत. उमरग्याचा काळा पाषाण तोच पुढे आळंदच्या शिवारात दिसतो. या साऱ्या परिसरात यंत्रचालकाला तीन प्रकारची जमीन भेटते, आणि प्रत्येकीला वेगळे सील लागते.

पहिली, बीदरच्या पठारावरील जांभ्याची. माथ्यावर कठीण, भोकाभोकांचा जांभा दगड. त्याखाली तो मऊ होत जातो. आणि त्याच्या तळाशी पांढरट-तांबूस चिकण माती. ही चिकण माती ओली झाली की भोकात सरकते. तिच्याखाली कुजलेला मांजऱ्या व मुरूम, आणि मग सलग काळा कातळ. पावसाचे पाणी जांभ्याच्या छिद्रांतून वेगाने उतरते, चिकण मातीवर अडते आणि पठाराच्या कडेला झऱ्यांच्या रूपाने बाहेर पडते. बीदरचा नानक झिरा आणि नरसिंह झरणी ही स्थाने आपण सर्वांनी पाहिली आहेत. बहामनी काळातील कारागिरांना हे रहस्य उमगले होते. नौबादची ‘सुरंग बावी’, म्हणजे कारेझ, जांभ्यात साठणारे हेच पाणी केवळ उताराच्या बळावर बोगद्यातून आणण्यासाठी कोरलेली आहे. जमिनीवरून तिच्यात उतरणाऱ्या उभ्या विवरांची रांग आजही पाहावयास मिळते.

दुसरी जमीन काळ्या पाषाणाची. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद, अफजलपूर येथे हीच. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा गेरूसारखी तांबडी माती. वरून पाहता सारा दगड एकजीव वाटतो. पण या तांबड्या पट्ट्यात पाणी शिरले की माती फुगते, ढासळते आणि हॅमर अडकवून ठेवते. अनेक यंत्रचालकांनी आपली हत्यारे अशा पट्ट्यात कायमची गमावली आहेत.

तिसरी जमीन चुनखडीची. शहाबाद, चित्तापूर, सेडम या भागांत ती पसरली आहे. ज्या शहाबादी फरशीवर महाराष्ट्रातील कित्येक पिढ्या पाटावर जेवल्या, तोच हा दगड. त्याचे थर जवळजवळ आडवे असतात आणि सांध्यांतून पाणी फिरून काही ठिकाणी पोकळ्या झालेल्या असतात. अशा पोकळीशेजारी सिमेंट ओतले तर ते वर येण्याऐवजी बाजूला नाहीसे होते. याच चुनखडीवर वाडी, शहाबाद, सेडम येथील सिमेंटचे कारखाने उभे राहिले. आणि त्याच चुनखडीतील विहिरीत सिमेंट टिकविणे सर्वांत कठीण आहे.

सील नसले तर काय होते?

दोन गोष्टी होतात आणि दोन्ही वाईट.

एक, वरचे दूषित पाणी खाली जाते. शोषखड्डे, गोठे, उकिरडे, गटारे यांचे पाणी पहिल्या काही मीटरांत असते. जमिनीतून संथपणे झिरपताना ते पुष्कळ अंशी गाळले जाते. नळीभोवतीची उघडी फट म्हणजे त्या पाण्याला मिळालेला थेट जिना. जांभ्याच्या छिद्रांतून पाणी मुळातच वेगाने धावते, त्यात हा जिना मिळाला की गाळण्याचे काम संपलेच. घराघरांत शौचालये झाली, ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु त्याबरोबर आपल्या विहिरींची सीले पक्की करण्याची जबाबदारीही वाढली आहे.

दुसरी गोष्ट लोकांच्या ध्यानात येत नाही. पठारावर सील न करता खोल भोक घेतले, म्हणजे चिकण मातीच्या थराला आपण खालून छिद्र पाडले. वर अडलेले पाणी त्यातून खालच्या कातळात उतरू लागते. विहिरीच्या तोंडाला कान लावला तर आत पाणी पडल्याचा आवाज येतो. शेतकरी आनंदाने म्हणतो, ‘साहेब, आवाज ऐका, झरा लागला!’ मी त्यांना सांगतो, दादा, हा आवाज तुमच्या शेजाऱ्याच्या आडाचा आहे. एखाद्या भोकाने फरक पडत नाही. पण अशी शेकडो भोके झाली की आड, झरे आणि कारेझ यांना पोसणारे पाणीच गळून जाते. सीलचा प्रश्न एका विहिरीपुरता राहात नाही, तो असा.

एक अनुभव

माझ्या नोकरीच्या आरंभीच्या काळातील एक चूक सांगतो. ती मीच केलेली असल्यामुळे गावाचे वा कोणाचे नाव घेण्याचे कारण नाही. पठाराच्या कडेच्या एका वाडीत हातपंपासाठी दीडशे मिलिमीटरची विंधण विहीर घेतली. चौदा मीटरवर कठीण लागले, म्हणून यंत्रचालकाने तेथेच लोखंडी नळी टेकविली. नळीच्या टोकाला रिवाजाप्रमाणे गोणपाट व काथ्या गुंडाळला होता. वरून दोन बादल्या सिमेंटचे दूध ओतले आणि काम संपले. उन्हाळ्यात पाणी आरशासारखे स्वच्छ. मी अहवालात ‘समाधानकारक’ असे लिहिले.

जुलैच्या दुसऱ्या मोठ्या पावसानंतर पंपाचे पाणी तांबडे झाले, आणि आठवड्याभरात वाडीत जुलाब-उलट्यांची साथ आली. सुदैवाने कोणी दगावले नाही. परंतु दोन लहान मुलांना बैलगाडीतून तालुक्याला न्यावे लागले. एका मुलाची आजी मला म्हणाली, ‘बाबा, आमचा आड गढूळ होता म्हणून तुम्ही हे भोक पाडून दिलंत ना?’ त्या प्रश्नाला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आम्ही पंप उतरविला. अर्धे पोते मीठ पाण्यात कालवून नळीभोवतालच्या फटीत सोडले. दोन तासांत आतले पाणी खारट लागले. मग खोदाईच्या नोंदी पुन्हा काढून पाहिल्या. चौदा मीटरवर लागलेले ‘कठीण’ म्हणजे कातळ नव्हता. कुजलेल्या थरात राहिलेला एक गोटा होता. त्याखाली पुन्हा तीन मीटर मऊ माती होती. त्या नोंदीतच ते लिहिलेले होते, आणि ती नोंद मीच सही करून ठेवली होती. नळी गोट्यावर टेकली, गोणपाट कुजला आणि सिमेंटचे दूध मातीत मुरून गेले.

दुरुस्ती अशी केली. आतून ११० मिलिमीटर बाहेरील व्यासाची प्लास्टिकची नळी चोवीस मीटरपर्यंत उतरविली. बावीस मीटरवर, जेथे नोंदीप्रमाणे भोक सलग कातळात होते, तेथे येतील अशा रीतीने ट्रकच्या ट्यूबच्या रबराच्या चकत्या नळीवर आवळल्या आणि त्यांवर बेंटोनाइटच्या गोळ्या सोडल्या. त्यावर टप्प्याटप्प्याने सिमेंट भरले. एका मीटरला सुमारे आठ लिटर, एकंदर पाच पोती सिमेंट लागले. तेलाच्या भाषेत बोलावयाचे तर आम्ही एक लायनर बसविला आणि गावठी पॅकरवर तो सीलबंद केला. पुढील पावसाळ्यात पाणी स्वच्छ राहिले. पाच पोती सिमेंट आणि दोन दिवसांची मजुरी आधीच खर्च केली असती, तर त्या आजीपुढे मान खाली घालावी लागली नसती.

निवड कशी करावी?

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सील निवडण्यापूर्वी भोक निवडावे लागते, हे प्रथम ध्यानात घ्या. १८० मिलिमीटर बाहेरील व्यासाची नळी २०० मिलिमीटरच्या भोकात घातली, तर सभोवार केवळ एक सेंटिमीटर जागा उरते. तिच्यातून सिमेंट नेणारी नळी उतरत नाही. वरून ओतलेले सिमेंट वाटेतच कोठे तरी अडकते आणि खाली पोकळी राहते. तेच भोक २५० मिलिमीटरचे घेतले तर साडेतीन सेंटिमीटर जागा मिळते आणि पाऊण इंची नळी तळापर्यंत जाते. नळी मध्यभागी राहावी म्हणून तिला काही अंतरावर लोखंडी पट्ट्यांचे पंख बांधावेत; एरवी ती एका अंगाला टेकते आणि त्या अंगाला सिमेंट पोचतच नाही.

दुसरे, खोदाईची नोंद. दर तीन मीटरला बाहेर येणाऱ्या चुऱ्याचा नमुना ठेवावा आणि प्रत्येक रॉड उतरण्यास लागलेली मिनिटे लिहावीत. नळी टेकविण्यापूर्वी किमान तीन मीटर सलग कठीण खडक लागला पाहिजे, असा मी नियम पाळतो. गोटा आणि कातळ यांतील भेद ती तीन मीटरच सांगतात. सील नेहमी सलग, गुळगुळीत कातळासमोर यावे. मांजऱ्यासमोर वा तांबड्या पट्ट्यासमोर कधीही नको. आज भोकात उतरविता येणारे कॅमेरे मिळतात. जेथे शंका असेल तेथे त्यांचा उपयोग अवश्य करावा.

तिसरे, सीलचा पदार्थ. आपल्याला तेलाच्या विहिरीतील उष्णतेची चिंता नाही. आपले प्रश्न निराळे आहेत.

सिमेंट हे सर्वांत भरवशाचे सील आहे. परंतु ते पातळ करून चालत नाही. पन्नास किलोच्या पोत्याला पंचवीस लिटर पाणी, याहून अधिक नको. त्यापेक्षा पातळ केले की सिमेंटचे कण खाली बसतात, वर पाणी राहते आणि सुकल्यावर फट पडते. सिमेंटचे दूध म्हणतात ते भांडी घासण्याच्या कामाचेही नाही!

बेंटोनाइट ही कच्छ व बाडमेर भागांत मिळणारी चिकण माती. तिचा सोडियम प्रकार पाण्यात आपल्या आकारमानाच्या दहापटीहून अधिक फुगतो. फट वेडीवाकडी असली तरी ती माती तिच्यात शिरते आणि पुढे जमीन किंचित हलली तरी पुन्हा फुगून फट बुजविते. मात्र तिची दोन पथ्ये आहेत. ती सतत ओली राहिली पाहिजे. जांभ्याचा वरचा भाग उन्हाळ्यात कोरडा पडतो. तेथे बेंटोनाइट वाळून भेगाळते, आपल्या काळ्या रानासारखे. दुसरे, चुनखडीतील पाण्यात कॅल्शियम भरपूर असल्याने तिचे फुगणे कमी होते. म्हणून पाण्याच्या पातळीखाली बेंटोनाइट आणि तिच्यावर सिमेंट, अशी जोडी जांभ्यात व काळ्या पाषाणात योग्य ठरते. चुनखडीत बेंटोनाइटवर एकट्याने विसंबू नये.

रबरी कडे, म्हणजे पॅकर, हे स्वतः कायमचे सील नव्हे, असे मी मानतो. ते सिमेंटला खालून धरणारा तळहात आहे. चुनखडीच्या पोकळीवर सील करावयाचे असेल तर त्याच्यावाचून गत्यंतर नाही. पोकळीच्या वर सलग दगडासमोर कडे बसवावे, त्यावर अर्धा मीटर बारीक खडी व रेती भरावी, मग प्रथम थोडे सिमेंट सोडून ते घट्ट होऊ द्यावे आणि नंतर उरलेले भरावे. काळ्या पाषाणात तांबड्या पट्ट्यावरून लायनर न्यावयाचा असेल तेव्हाही पट्ट्याच्या वर आणि खाली सलग कातळात कडी येतील अशी मोजणी आधीच करून ठेवावी.

गोणपाट, काथ्या, चिंध्या आणि शेण यांना सीलच्या यादीत स्थान नाही. ते कुजतात, आणि कुजताना पाणी बिघडवितात.

नळीविषयी एक शब्द. जांभ्यातील पाणी मऊ व किंचित आम्ल असते; साधे लोखंड त्यात लवकर गंजते. म्हणून तेथे भारतीय मानक १२८१८ प्रमाणे असलेली प्लास्टिकची नळी घ्यावी. मात्र सिमेंटचा भार तिच्यावर एकदम पडू देऊ नये, हे पुढील हिशेबावरून दिसेल.

एक हिशेब

२५० मिलिमीटरचे भोक, १८० मिलिमीटरची नळी, सिमेंटची उंची बारा मीटर, असे समजा. फटीचे आकारमान दर मीटरला सुमारे २३.६ लिटर, म्हणजे एकंदर २८४ लिटर. एक पोते सिमेंट व पंचवीस लिटर पाणी मिळून सुमारे ४१ लिटर मिश्रण होते. म्हणजे सात पोती. भेगांत जाणाऱ्या भागासाठी चौथाई अधिक धरून नऊ पोती. दोन बादल्यांत हे काम होणार नाही, हे सांगण्यास आणखी युक्तिवादाची गरज नाही.

या मिश्रणाचे वजन पाण्याच्या १.८३ पट असते. बारा मीटर उंचीचा स्तंभ तळाशी दर चौरस सेंटिमीटरला २.२ किलोग्रॅमचा दाब देतो. आत पाणी नसेल तर हा सारा दाब नळीवर बाहेरून येतो, आणि सिमेंट घट्ट होताना निघणाऱ्या उष्णतेने प्लास्टिक नरमही होते. यासाठी सिमेंट एका दिवसाआड दोन-तीन टप्प्यांत भरावे. नळी तळापर्यंत सोडून सिमेंट खालून वर येऊ द्यावे आणि जसजसे ते वर येईल तसतशी नळी उचलावी. तिचे टोक मात्र सिमेंटमध्ये बुडालेले असावे.

येथे कंत्राटदार बंधू म्हणतील, ‘साहेब, यंत्र एका रात्रीत विहीर संपविते. सिमेंटसाठी ते तीन दिवस उभे कसे ठेवावे?’ ही तक्रार खरी आहे; तिच्याकडे डोळेझाक करून कोणताही नियम अंमलात येणार नाही. यावर उपाय असा की, नळी टेकविताना रबरी कडे व बेंटोनाइट त्याच वेळी बसवावे आणि यंत्राने पुढील खोदाई पुरी करून निघून जावे. सिमेंटचे काम दुसऱ्या दिवशी दोन मजूर, एक पिंप, एक नरसाळे आणि पाऊण इंची नळी एवढ्यावर होते. त्याला यंत्राची गरज नाही. ओल्या सिमेंटवर हॅमरचे हादरेही बसत नाहीत. मात्र देयकात नळीबरोबर सीलची स्वतंत्र बाब असली पाहिजे. जे काम मोजले जात नाही ते केले जात नाही, हा आपल्या सर्वांचाच अनुभव आहे.

चाचणी

शेवटचे सिमेंट भरल्यानंतर तीन दिवस पंप बसवू नये. नंतर तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, आरशाने उन्हाचा कवडसा भोकात सोडून नळीच्या तळाचा सांधा पाहावा. ओल दिसली तर सील बसलेले नाही. दुसरी, कान लावून पाणी पडल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. तिसरी, नळीच्या बाहेर आळे करून मिठाचे पाणी सोडावे आणि दुसऱ्या दिवशी आतले पाणी वाहकतामापकाने तपासावे. आणि या तिन्ही परीक्षा पहिल्या मोठ्या पावसानंतर पुन्हा घ्याव्यात, कारण उन्हाळ्यात उत्तीर्ण झालेले सील पावसाळ्यात नापास होऊ शकते, हे मी स्वतः पाहिले आहे.

माथ्याचे काम विसरू नये. ज्या ‘सोलापूर पंपा’वरून पुढे इंडिया मार्क-२ हा हातपंप विकसित झाला, त्याच्या परंपरेचा एक मोठा गुण असा की, पंपाचा पाया नळीवरून येऊन ओट्याच्या काँक्रीटमध्ये पक्का होतो आणि ओट्यावरचे सांडपाणी विहिरीत शिरत नाही. आज विद्युत पंप बसविताना हा गुण आपण गमावतो; नळीचे तोंड गोणपाटाने झाकून ठेवतो.

आणि जी विहीर कोरडी निघाली तिचे काय? सर्वोच्च न्यायालयाने ११ फेब्रुवारी २०१० च्या आदेशाने विंधण विहिरीचे तोंड पोलादी झाकणाने बंद करणे, भोवती ओटा करणे आणि सोडून दिलेली विहीर तळापासून जमिनीपर्यंत बुजविणे बंधनकारक केले. तरीही २०२४ च्या एप्रिलमध्ये शेजारच्या विजयपूर जिल्ह्यातील इंडी तालुक्यात एक लहान मूल अशा भोकात पडले. अनेक तासांच्या प्रयत्नांनंतर ते जिवंत बाहेर आले, हे त्या घराचे भाग्य. बुजविताना केवळ वरचे तोंड बुजवू नये. चिकण मातीचा थर जेथे छेदला तेथे सिमेंट वा बेंटोनाइटचा बोळा बसविला, तरच वरचे पाणी वर राहील. मूल वाचविणे आणि झरा वाचविणे ही दोन्ही कामे एकाच वेळी होतात.

समारोप

मित्रहो, सील ही गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. तिचे उद्घाटन होत नाही, तिच्यावर पाटी लागत नाही. नऊ पोती सिमेंट जमिनीत गेले, एवढेच हिशेबात दिसते. परंतु कारेझ खोदणाऱ्यांनी चिकण मातीचा थर कोठे आहे हे ओळखून, त्याला धक्का न लावता, पाणी शतकानुशतके वाहते ठेवले. आपल्या हाती त्यांच्या छिन्नीपेक्षा कितीतरी बलवान यंत्र आहे. ते एका रात्रीत पाचशे फूट जाते, आणि वाटेतील प्रत्येक थर फोडून जाते. जो थर आपण फोडला तो पुन्हा जोडून द्यावयाचा, हे यंत्रचालकाचे आणि अभियंत्याचे समान कर्तव्य आहे.

उद्या कामावर गेल्यावर एवढेच करा. नळी टेकविण्यापूर्वी नोंदवही उघडा, आणि शेवटची तीन मीटर काय लागले ते वाचा. सही त्यानंतर करा.